जायंट्स, सॅन होझे आणि मधल्या पायऱ्या: हंगामाच्या मध्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरियात राहायला आलेला मराठी माणूस पहिली दोन वर्षं क्रिकेटचे हायलाइट्स बघतो. तिसऱ्या वर्षी मुलगा शाळेतून नारिंगी-काळी टोपी घालून येतो आणि मग आमच्यासारख्यांना फोन सुरू होतात. खालचे प्रश्न असेच जमा झालेले आहेत, बहुतेक जून-जुलैतले. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा मेजर लीग बेसबॉलचा संघ आणि त्यांच्या खालचे संघ डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. नियम इतर २९ संघांनाही तेच लागू होतात.

१. अर्धा हंगाम होऊन गेलाय. आता बघायला सुरुवात केली तर काही कळेल का?

कळेल. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ गेम खेळतो, म्हणजे जवळपास रोज एक. त्यामुळे गेले तीन महिने चुकले याचं दुःख करू नका, इथे कुणीच सगळे गेम बघत नाही. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार गेमसाठी (निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) तीन-चार दिवस सुट्टी असते आणि त्यालाच सगळे 'मध्य' म्हणतात. प्रत्यक्षात तोवर ९५ च्या आसपास गेम झालेले असतात. माझ्या मते नवख्याने जुलैतच सुरुवात करावी. संघ खरा कसा आहे हे तोवर उघड झालेलं असतं आणि खेळाडूंची खरी उलथापालथ पुढच्या चार आठवड्यांत होते. रोज स्कोअर बघितला नाही तरी चालेल, पण 'ट्रान्झॅक्शन्स'चं पान जरूर बघा. कोण वर आला, कोण खाली गेला, कोण दुखावला हे सगळं तिथे असतं.

२. ॲफिलिएट म्हणजे काय? आपल्या रणजी संघासारखं का?

ॲफिलिएट म्हणजे मोठ्या संघासाठी खेळाडू तयार करणारा त्याचा खालचा संघ. रणजीसारखं नाही, आणि सगळा घोळ याच तुलनेतून होतो. मुंबईचा रणजी संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा असतो, भारतीय संघाच्या मालकीचा नसतो. इथे सॅन होझेच्या पोरांना, त्यांच्या कोचला आणि फिजिओला पगार जायंट्स देतात. कुणी कुठे खेळायचं, किती चेंडू टाकायचे हेही जायंट्सच ठरवतात. स्थानिक मालकाच्या हातात तिकीट, हॉट डॉग, मॅस्कॉट आणि फटाके. कांगा लीगच्या चिखलात खेळणारा पोरगा आणि वानखेडेवरचा खेळाडू एकाच मालकाच्या पगारावर असते तर जसं झालं असतं, तसं.

जायंट्सची उतरंड अशी: सगळ्यात वर ओरॅकल पार्क, म्हणजे मोठ्या जायंट्सचं मैदान. त्याखाली ट्रिपल-ए म्हणजे सॅक्रामेंटो रिव्हर कॅट्स, डबल-ए म्हणजे व्हर्जिनियातले रिचमंड फ्लाइंग स्क्विरल्स, हाय-ए म्हणजे ओरेगनमधले युजीन एमराल्ड्स आणि सिंगल-ए म्हणजे आपले सॅन होझे जायंट्स. त्याच्याही खाली ॲरिझोनात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये शिकाऊ पोरांचे संघ असतात, तिथे प्रेक्षक जवळपास नसतात. २०२१ च्या फेररचनेपासून प्रत्येक मोठ्या संघाला पूर्ण हंगाम खेळणारे असे चारच ॲफिलिएट मिळतात. एकूण १२०.

३. मग सॅन होझे जिंकतंय की हरतंय याला काही अर्थ आहे का?

खेळणाऱ्यांना आहे, जायंट्सच्या ऑफिसला फारसा नाही. एकोणीस वर्षांच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पाच इनिंगमध्ये एकही हिट दिलेली नसते, स्टँडमध्ये सगळे उभे असतात आणि कोच शांतपणे येऊन चेंडू काढून घेतो. चेंडूंचा कोटा संपलेला असतो. मैदानावर नवीन आलेले काका दर वेळी चिडतात, "अहो, तो चांगला टाकतोय ना!" टाकतोय, म्हणूनच त्याचा खांदा जपतात.

आणखी एक गोची. या पातळीवर हंगामाचे दोन भाग असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला भाग संपतो आणि गुणतक्ता शून्यावर येतो. "परवा पहिले होते, आज शेवटून दुसरे कसे?" हा फोन मला दरवर्षी येतो. पहिल्या भागातला विजेता प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) जातो खरा, पण सप्टेंबर येईपर्यंत ज्यांनी ते जिंकून दिलं त्यातले निम्मे युजीनला पोचलेले असतात.

४. "साडेतीन गेम मागे" असं लिहितात. अर्धा गेम कसला?

दोन संघांच्या जिंकलेल्या गेममधला फरक आणि हरलेल्या गेममधला फरक यांची बेरीज करा आणि दोनने भागा. पहिला संघ ५० जिंकून ३५ हरलाय, दुसरा ४६ जिंकून ३८ हरलाय. फरक ४ आणि ३, बेरीज ७, म्हणून साडेतीन. दोघांचे खेळलेले गेम सारखे नसले की असा अर्धा निघतो.

५. डिव्हिजनमध्ये डॉजर्स इतके पुढे आहेत, मग जायंट्सना आशा कसली?

वाइल्ड कार्डची, म्हणजे आपला गट (डिव्हिजन) न जिंकताही प्लेऑफ गाठण्याची. २०२२ पासून दोन लीगपैकी प्रत्येकीतून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन. जुलैत तक्ता बघताना वाइल्ड कार्डचा वेगळा तक्ता उघडा. बरोबरी झाली तर पूर्वीसारखा जादा गेम होत नाही, आपापसातल्या लढतींवरून निकाल लागतो.

६. बुधवारी मुलीने ज्याची सही घेतली तो गुरुवारी संघातच नव्हता. कुठे गेला?

बहुधा वर. समजा, सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी सरावात एका आउटफिल्डरची मांडी धरली. सॅक्रामेंटोच्या एकाला फोन जातो आणि तो दीड-दोन तास गाडी चालवून ओरॅकल पार्कला पोचतो. त्याच्या जागी रिचमंडहून एक जण विमानात बसतो. रिचमंडच्या जागी युजीनचा, युजीनच्या जागी सॅन होझेचा. कॅलिफोर्नियात एकाची मांडी धरली की व्हर्जिनियात कुणीतरी बॅग भरतो. आणि गुरुवारी सॅन होझेत ॲरिझोनाहून आलेला एक भांबावलेला पोरगा उभा असतो, छापील यादीत ज्याचा नंबरच नसतो.

आमच्या घरात अशा सहीचा एक चेंडू आहे. डावखुरा पिचर होता. लेकीला वाटलं, आपण सही घेतली म्हणून तो गेला.

ही शिडी किती भरभर चढता येते याचं ताजं उदाहरण म्हणजे ब्राइस एल्ड्रिज. २०२३ च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) जायंट्सची पहिली निवड, सहा फूट सात इंच उंच. २०२४ मध्ये त्याने सॅन होझेत सुरुवात केली आणि हंगाम संपेतो युजीन, रिचमंड करत सॅक्रामेंटोला पोचला. चारही पायऱ्या एका वर्षात, वय १९. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ओरॅकल पार्कात होता. पण तो अपवाद. साधारण पोरगा एका पायरीवर एक वर्ष काढतो आणि बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून घरी जातात.

७. आमचा आवडता सॅक्रामेंटोत रोज होम रन मारतोय. त्याला वर का नेत नाहीत?

तीन कारणं असू शकतात. पहिलं, तो फॉर्टी-मॅनवर नसेल (प्रश्न ८). दुसरं, त्याच्या जागेवर वर कुणीतरी मोठ्या पगाराचा ठाण मांडून बसलाय. तिसरं कारण लोकांना पटत नाही: ते आकडे फुगलेले असतात. सॅक्रामेंटो ज्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळतं तिथली अल्बुकर्की, रेनो, सॉल्ट लेक ही गावं उंचावर आहेत. अल्बुकर्की तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. तिथली ३०० ची सरासरी (हजार प्रयत्नांत ३०० हिट या हिशोबाने) ओरॅकल पार्कच्या थंड, जड हवेत ३०० राहत नाही. उलट रिचमंडमध्ये फलंदाजाला धावा मिळवताना नाकी नऊ येतात, तेव्हा तिथे २६० मारणाऱ्याकडे मी जास्त लक्ष देतो.

सरासरीपेक्षा दोन गोष्टी बघा: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनी बाद) किती होतोय आणि वॉक (चार बॉल पडल्यावर मिळणारा फुकटचा बेस) किती घेतोय. आणि वय. बावीस वर्षांच्या पोराने डबल-एमध्ये मार खाल्ला तरी ठीक, सत्तावीसच्याने सिंगल-ए गाजवलं तर त्यात नवल नाही.

८. ऑप्शन, फॉर्टी-मॅन, डीएफए... हे सोप्या भाषेत सांगा ना.

मोठ्या संघाच्या दोन याद्या असतात. रोज खेळायला उपलब्ध असलेल्या २६ जणांची एक आणि तिला पोटात घेणारी ४० जणांची दुसरी. ती फॉर्टी-मॅन. वर खेळायचं तर आधी या चाळिसात नाव हवं. यादी भरलेली असेल तर एकाला काढल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही.

चाळिसातला पण सव्विसात नसलेला खेळाडू सॅक्रामेंटोला धाडला की तो 'ऑप्शनवर' गेला म्हणतात. साधारणपणे अशी तीन वर्षं संघाच्या हातात असतात. एका वर्षात त्याला पाच वेळा खाली पाठवता येतं. खाली गेलेला फलंदाज किमान १० दिवस आणि पिचर १५ दिवस परत वर येऊ शकत नाही, मात्र कुणी जखमी झाला आणि त्याच्या जागी घेतलं तर ही अट नाही. "कालच खाली पाठवला, आज परत कसा?" याचं उत्तर या अपवादात आहे. खाली पाठवणं नेहमी शिक्षाही नसते. जुलै २०२५ मध्ये पिचर हेडन बर्डसाँगने अटलांटात एकही आउट न मिळवता मैदान सोडलं आणि त्याला सॅक्रामेंटोला पाठवलं. चेंडू कुठे पडावा हे शोधायला तिथे निवांतपणा असतो.

तीन वर्षं संपली की खेळाडू 'आउट ऑफ ऑप्शन्स'. आता त्याला वर ठेवा, नाहीतर डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) करा. डीएफए म्हणजे थेट हकालपट्टी नव्हे, सामान दाराबाहेर काढून ठेवणं. नाव चाळिसातून लगेच जातं आणि संघाकडे सात दिवस असतात: कुणाला तरी ट्रेड करा, किंवा वेव्हरवर टाका. वेव्हरवर इतर संघ त्याला उचलू शकतात. कुणीच हात लावला नाही तर तो चाळिसाबाहेर राहून सॅक्रामेंटोत खेळू शकतो. जुन्या खेळाडूला ते नाकारून मोकळं होण्याचा हक्क असतो.

जोई बार्ट हा २०१८ च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा. जायंट्सचा गाजलेला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) बस्टर पोझी, त्याचा वारस म्हणून याच्याकडे बघत होते. २०२४ चा हंगाम सुरू होतानाच त्याचे ऑप्शन संपलेले होते, डीएफए झाला आणि काही दिवसांत पिट्सबर्गला गेला. "एवढा चांगला कॅचर फुकट का घालवला?" फुकट नाही, पण मुदत संपली होती.

९. मोठा खेळाडू अचानक सॅन होझेत खेळताना दिसला. डिमोशन झालं का?

नाही, रिहॅब. जखमी खेळाडू आयएलवर म्हणजे इंजर्ड लिस्टवर जातो: फलंदाज किमान १० दिवस, पिचर १५. दुखापत मोठी असेल तर ६० दिवसांची यादी, आणि तिच्यावर गेलेला चाळिसात मोजला जात नाही. बरा होत आला की सरावासाठी खाली चार-सहा गेम खेळतो. ही मुदत फलंदाजाला जास्तीत जास्त २० दिवस आणि पिचरला ३०. पगार वरचाच. रिवाज असा की रिहॅबवर आलेला मोठा खेळाडू त्या रात्री सगळ्या पोरांना चांगलं जेवू घालतो.

सॅन होझे सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ असल्याने रिहॅब बघायचा योग इथे बरेचदा येतो. पण आगाऊ तिकीट काढू नका. मी एकदा एका पिचरसाठी रविवारची आठ तिकिटं काढली, पाहुण्यांसकट. त्याने शनिवारीच तीन इनिंग टाकल्या. रविवारी आम्ही आठ जण नाचोज खाऊन आलो. पिचरचा दिवस आदल्या संध्याकाळपर्यंत बदलू शकतो, तेव्हा तिकीट त्याच सकाळी घ्या.

१०. ट्रेड डेडलाइनला एवढा गहजब का? आणि ज्यांची नावंही ऐकली नाहीत अशी पोरं मोठ्या खेळाडूच्या बदल्यात कशी जातात?

डेडलाइन म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख. ती जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला असते, दरवर्षी थोडी इकडेतिकडे. जिंकू पाहणारा संघ आजचा खेळाडू मागतो, हरणारा उद्याचा. आणि 'उद्याचा' म्हणजे तुम्ही सॅन होझेत बघितलेला पोरगा. ॲफिलिएट बघणाऱ्याला डेडलाइन म्हणूनच जास्त बोचते.

१५ जून २०२५ ला जायंट्सनी बॉस्टनकडून राफाएल डेव्हर्स हा मोठा फलंदाज घेतला. बदल्यात गेले चौघे, आणि ते उतरंडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरून गेले. जॉर्डन हिक्स वरच्या संघातला. काइल हॅरिसन इथलाच, बे एरियात वाढलेला, २०२१ मध्ये सॅन होझेत खेळून वर गेलेला. जेम्स टिब्स युजीनमध्ये होता, २०२४ ची पहिली निवड. होसे बेयो तर ॲरिझोनाच्या शिकाऊ संघात.

टिब्सची गोष्ट पुढे आहे. सात आठवडे उलटायच्या आत बॉस्टनने त्याला डस्टिन मे या पिचरच्या बदल्यात लॉस एंजेलिसला दिलं. म्हणजे जूनमध्ये जायंट्सचा असलेला पोरगा ऑगस्टमध्ये डॉजर्सचा. दरम्यान जायंट्सची गाडी घसरली आणि त्याच डेडलाइनला त्यांनी स्वतःच दुकान आवरलं: टायलर रॉजर्स मेट्सला, कमिलो डोवाल यँकीजला, माइक यास्ट्रेम्स्की कॅन्सस सिटीला. जूनमध्ये घेणारे, जुलैत विकणारे.

डेडलाइननंतर ट्रेड पूर्ण बंद होतात हे मात्र खरं नाही. त्या हंगामात चाळिसात कधीच नसलेल्या मायनर लीग खेळाडूंची देवघेव करता येते. ऑगस्टमध्ये अनोळखी नावाचा ट्रेड दिसला तर तो हा.

११. जुलै संपताना सॅन होझेत एकदम नवी पोरं दिसतात आणि जुनी गायब. का?

ड्राफ्ट जुलैत होतो, २० फेऱ्यांचा. त्यातली कॉलेजची पोरं ऑगस्टमध्ये सॅन होझेत येतात आणि ॲरिझोनाचा हंगाम जुलैअखेर संपला की तिथलीही. पण एका संघाला अमेरिकेत मिळून १६५ मायनर लीग खेळाडूच ठेवता येतात. वीस आले की वीसेक जण जातात. ट्रान्झॅक्शनच्या पानावर त्यांच्यापुढे फक्त 'रिलीज्ड' लिहिलेलं असतं. वर गेलेल्यांचे फोटो येतात, यांचे येत नाहीत.

१२. सॅक्रामेंटोत तर आता ए'ज (ओकलंडहून आलेला मेजर लीग संघ) खेळतात. मग रिव्हर कॅट्स त्यांचे का?

नाही, अजून जायंट्सचेच. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण २०१४ पर्यंत रिव्हर कॅट्स खरोखरच ओकलंड ए'जचे होते, २०१५ पासून जायंट्सचे. ए'जनी सप्टेंबर २०२४ मध्ये ओकलंड सोडलं आणि लास वेगासचं मैदान होईपर्यंत वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कात बिऱ्हाड केलं. एक संघ दौऱ्यावर असला की दुसरा घरी. तिकीट काढताना वरचं नाव दोनदा वाचा. आमच्या एका मित्राने रिव्हर कॅट्स समजून ए'जची तिकिटं काढली आणि किंमत बघून "ट्रिपल-ए फार महाग झालंय" म्हणून मलाच सुनावलं.

ए'जचं ओकलंडमधलं रिकामं मैदान, कोलिझियम? २०२५ च्या जूनमध्ये तिथे मेजर लीग क्रिकेट झालं.

१३. या पोरांना पगार किती मिळतो?

मायनर लीगच्या खेळाडूंनी २०२२ मध्ये युनियन केली. २०२३ च्या पहिल्या करारात सिंगल-एला वर्षाला किमान २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० ठरले. त्याआधी याच्या निम्मेही मिळत नसत. वरच्या संघात २०२५ चं किमान वेतन ७,६०,००० डॉलर होतं आणि ते दिवसांवर मोजतात, म्हणजे रोजचे सुमारे ४,०००. दहा दिवस वर काढले तर सिंगल-एच्या वर्षभरापेक्षा जास्त. सॅक्रामेंटोहून फोन आल्यावर पोरं का रडतात ते यावरून कळेल.

१४. हे सगळं बघायचं कुठे? आणि भारतातून?

ॲफिलिएटचे गेम एमएलबी.टीव्हीच्या वर्गणीत येतात. जायंट्सचा स्वतःचा गेम मात्र बे एरियात बसून त्या नेहमीच्या वर्गणीत दिसत नाही, ब्लॅकआउट असतो. तेव्हा गाडीत केएनबीआर ६८० लावा. बेसबॉल रेडिओवर ऐकण्यात जी मजा आहे ती आकाशवाणीवर कॉमेंटरी ऐकत वाढलेल्यांना वेगळी सांगायला नको.

पुण्याच्या आजी-आजोबांसाठी वेळ सोपी: इथला पावणेसातचा गेम तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, चहाबरोबर. रिचमंडचा साडेसहाचा गेम इथे बे एरियात दुपारी साडेतीनला, पण पुण्यात पहाटे चारला. तो सोडा.

१५. आईवडील आलेत. ओरॅकल पार्कला नेऊ की सॅन होझेला?

सॅन होझेला. वाद नको. १९४२ चं छोटं मैदान आहे, चार हजारांच्या आसपास माणसं मावतात, खेळाडू हाताच्या अंतरावर. खालच्या संघांची मालिका मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी असते आणि सोमवारी सुट्टी. मंगळवार-बुधवार निवांत, शुक्रवारी फटाके आणि गर्दी. प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण त्या दिवसाचा 'बिअर बॅटर' असतो. तो स्ट्राइकआउट झाला की बिअर अर्ध्या किमतीत. माझे वडील दारूला शिवत नाहीत, पण त्या एका बॅटरला पाडण्यासाठी त्यांनी जेवढा आरडाओरडा केला तेवढा माझ्या लग्नातही केला नव्हता. आठनंतर गार वारं सुटतं, शाल घ्या. आणि पहिल्या बेसच्या बाजूला बसलात तर फोनमध्ये डोकं घालू नका, फाउल चेंडू बघून येत नाही.

१६. आपल्याकडचं कुणी खेळतं का?

उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे. चेंडू जोरात फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्गने त्यांना करारबद्ध केलं. दोघेही मायनर लीगमध्ये खेळले, रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला. वरच्या संघात खेळलेला कुमार रॉकर हा टेक्सासचा पिचर, त्याचं आजोळ भारतीय. आणि अर्जुन निम्मला, तेलुगू आईवडिलांचा मुलगा, २०२३ मध्ये टोरंटोने पहिल्या फेरीत घेतलेला. तो २०२५ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळला. व्हँकुव्हर म्हणजे युजीनच्याच लीगमधला संघ. मराठी नाव अजून नाही.

१७. बॅटर स्वतःच्या हेल्मेटवर थाप मारतो आणि पंचाचा निर्णय बदलतो. हे काय?

चॅलेंज. स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच दाद मागतो आणि कॅमेरे निकाल देतात. ट्रिपल-एमध्ये हे आधी वापरून बघितलं, मग २०२६ पासून वर आणायचं ठरलं. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आणि दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू, ही दोन्ही पिकंही आधी खालच्या वाफ्यातच लावली होती.

१८. एकच खेळाडू एकाच गेममध्ये दोन्ही संघांकडून खेळू शकतो का? मुलाने पैज लावलीय.

मुलाला पैसे देऊन टाका. २६ जून २०२४ ला बॉस्टनमध्ये टोरंटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला उभा होता आणि पावसाने गेम थांबला. स्थगित गेम पुढे जिथे थांबला तिथूनच सुरू करतात. मधल्या काळात, जुलैअखेरीस, जॅन्सनला बॉस्टननेच ट्रेड करून घेतलं. २६ ऑगस्टला गेम पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याची अर्धवट राहिलेली खेळी पुरी करायला टोरंटोने डॉल्टन वार्शोला पाठवलं. प्लेटच्या मागे बॉस्टनचा कॅचर म्हणून जॅन्सन बसला होता. वार्शो स्ट्राइकआउट झाला.